होडीच्या माणसांना हाक नसते

एलेउतेरियोला गावात सगळे तेरियो म्हणायचे आणि बाहेरचे पाहुणे कॅप्टन म्हणायचे. दोन्ही हाकांना तो सारखीच मान हलवायचा. बांध्याने लहान, पाय जरा वाकलेले, डोक्यावर गवती हॅट. ती हॅट तो फक्त चर्चमध्ये काढायचा.

त्याचे वडील कड्यांवर चढून पाकोळ्यांची घरटी काढायचे, सुपासाठी ती महागात विकली जातात. आमच्याकडची जुनी घरं त्याच धंद्यावर उभी राहिली. तेरियोला मात्र उंचीची भीती. लहानपणी एकदा वडिलांनी बांबूच्या शिडीवर चढवलं, तर अर्ध्यात जाऊन तो बांबूला मिठी मारून बसला. त्याला खाली आणण्यात सगळी दुपार गेली. वडील म्हणाले, "ह्याला समुद्रावर पाठवा. तिथे पडला तरी मरणार नाही." तसा तो समुद्रावर आला. आधी मासेमारी केली, मग पाहुणे यायला लागले तेव्हा सहलीची होडी घेतली.

होडीचं नाव 'नेनिता', थोरल्या मुलीचं. दोन्ही बाजूंना तोल सांभाळायला बांबूच्या उलांड्या, मधे बाकं, मागे इंजिन आणि ते चालवायला गावातलाच सांतो. सकाळी पाहुण्यांना घेऊन निघायचं, चुनखडीच्या बेटांमधून हिंडवायचं, एखादी पुळण, दोन लगून, म्हणजे खडकांनी वेढलेली समुद्राची तळी. दुपारी होडीवरच भाजलेले मासे, वांगी, भात, आंबा. वारा फिरायच्या आत परत. सगळेच होडीवाले हेच करतात. तेरियोची होडी लोक लक्षात ठेवायचे ते त्याच्या हाकांमुळे.

आमच्याकडे परक्या जागेवरून निघताना माणसाला नावाने हाक मारतात. 'अमुक, चल, घरी जाऊ.' लहान मुलाला आई मारते, मोठा माणूस स्वतःच स्वतःला मारतो. माणसाचा जीव जागेला भुलतो, पाण्याच्या जागेला तर फारच. शरीर घरी येतं आणि तो मागे राहतो. मग माणूस जेवत नाही, बोलत नाही, एकीकडे बघत बसतो. पुष्कळ होडीवाले ही हाक ओठातल्या ओठात मारतात. तेरियो नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, उभा राहून, खडकाकडे तोंड करून, प्रत्येक पाहुण्याला मोठ्याने मारायचा, आणि पाहुण्याने "आलो" म्हटल्याशिवाय पुढच्याकडे वळायचा नाही. त्यांना वाटायचं हा माणसं मोजतोय. पोलंडच्या एका पाहुण्याचं नाव काही केल्या त्याच्या जिभेवर बसेना. त्याने तीनदा हाक मारली, तिन्ही वेळा वेगळ्या नावाने. वडीलधाऱ्यांना ताताय-नानाय म्हणणारा सांतो मागून ओरडला, "ताताय, पुरे आता! नाहीतर ह्याच्याबरोबर आणखी दोघांचे जीव येतील, त्यांना जेवायला कोण घालणार?"

मी गावच्या शाळेतली शिक्षिका, सुटीच्या दिवशी कधी गेले तर मलाही हाक मिळायची. एरवी वर्षभर मला बाई म्हणणारा तेरियो तेवढ्यापुरता "फेलिसितास, चल, घरी जाऊ" असं म्हणायचा, आणि नंतर लगेच हॅट नीट करायचा.

सगळ्यांत शेवटी तो होडीला हाक मारायचा. "नेनिता, चल, घरी जाऊ." त्यात तो स्वतः आला, सांतो आला, आणि मुलगा आमादोर आला. होडीच्या माणसांना वेगळी हाक नसते. होडी निघाली की ती निघालीच. हे तेरियोला त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

आमादोर तेरियोचा धाकटा. माझ्या वर्गात होता. सारख्या बुड्या मारून त्याचा डावा कान गेला होता, त्यामुळे हजेरीच्या वेळी पहिल्या हाकेला त्याने कधी ओ दिली नाही. दुसरी मारली की दचकून उभा राहायचा. सगळा वर्ग हसायचा आणि सगळ्यांत मोठ्याने तो. शाळा संपल्यावर बापाच्या होडीवर पाहुण्यांना पाण्यात नेण्याचं काम करू लागला. मासा भाजायला बापाचा हात चांगला, पण गोष्टी सांगायला आमादोरच.

आमच्या बेटांमध्ये एक आतलं तळं आहे. बाहेरून नुसता उभा कडा दिसतो. कड्याच्या पायाशी एक भोक आहे, ओहोटीला त्यातून वाकून आत जाता येतं, आत गेलं की चारी बाजूंनी खडक आणि मधे शांत हिरवं पाणी. त्या दिवशी पाहुणे आत पोहून बाहेर आले आणि एका बाईच्या लक्षात आलं की तिचा पाण्यातला चष्मा आतच राहिला. आमादोर तो आणायला गेला. तेवढ्यात कड्याच्या मागून काळी झड आली. अशी झड आली की होडी खडकापासून लांब न्यावी लागते, नाहीतर उलांड्या मोडतात. पाहुण्यांची मुलं रडत होती, पाऊस आडवा मारत होता. तरी तेरियोने हाका मारल्या. त्या पावसात, एकेक नाव घेऊन. सगळे "आलो" म्हणाले. मग त्याने होडीला हाक मारली आणि सांतोला हात केला.

सांतोला वाटलं, आमादोर पुढे नाळेपाशी आहे. तेरियोला वाटलं, तो मागे इंजिनापाशी आहे. पुढचं बेट ओलांडलं तेव्हा तेरियोने दोर मागितला आणि दोर द्यायला कुणी नव्हतं.

ते लगेच वळले. पण तोवर लाटा त्या भोकात शिरून आपटत होत्या. आत जाता येईना. आमादोर दुसऱ्या सकाळी आतल्या तळ्यात सापडला. बाईचा चष्मा त्याने मनगटाला अडकवला होता.

कड्याखालच्या स्मशानभूमीत त्याला पुरलं. नऊ दिवसांच्या प्रार्थना झाल्या, चाळिसावा झाला. त्याची आई चोलेंग सगळ्याला बसली, सगळ्यांना कॉफी दिली. चाळिसाव्याला मला म्हणाली, "शरीर आणलं त्यांनी, बाई. पोरगा नाही आणला. त्याला कुणी हाकच मारली नाही."

हे ती तेरियोसमोर म्हणाली. तो अंगणात बाकं उचलत होता. त्याने ती उचलली आणि ज्याची त्याला परत करायला गेला.

तेरियोने धंदा सोडला नाही. सोडून करणार काय? वर्षं गेली, तो रोज पाहुण्यांना त्याच तळ्यापाशी न्यायचा. रोज परक्या माणसांची नावं त्या कड्याला ऐकवायचा. पण आमादोरचं नाव त्याने घेतलं नाही, तिथेही नाही आणि घरीही नाही. त्या झडीनंतर सांतो मात्र स्वतःची हाक स्वतः मारायला लागला. इंजिन सुरू करण्याआधी पुटपुटायचा, "सांतो, चल, घरी जाऊ." त्याच्या बायकोने त्याला तशी शपथच घातली होती.

एकदा मी पाहिलं, जेवण झाल्यावर तेरियोने पहिला भाजलेला मासा केळीच्या पानावर घेतला, कमरेएवढ्या पाण्यातून चालत गेला आणि भोकाशेजारच्या खडकावर ठेवून आला. एका पाहुण्याने विचारलं, "कॅप्टन, पक्ष्यांसाठी?" तेरियोने मान हलवली. परतताना मी त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "तेरियो, एकदा हाक मार ना त्याला. चोलेंग वाट बघते."

त्याने सुकाणू जरा वळवलं. मग म्हणाला, "मारली तर तो येईल, बाई."

"मग? यायलाच हवा ना?"

"मग रोज तिथे मला कोण भेटणार?"

मी नंतर त्याला पुन्हा विचारलं नाही.

गेल्या वर्षी चोलेंगच्या किडन्यांनी हात टेकले. डायलिसिसला सारखं जायचं, तर आमच्या गावात ती सोय नाही. थोरली नेनिता इलोइलो शहरात राहते, तिच्या घरापासून दवाखाना जवळ. ती म्हणाली, दोघंही या, कायमचे या. होडी सांतोने घ्यायची ठरली. घराला कुलूप लागणार. मी मदतीला गेले, तर चोलेंग जमिनीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. पाय सुजलेले, तोंड मात्र पूर्वीसारखंच चालू.

"व्हॅनमध्ये तीन जागा सांगितल्यात मी," ती म्हणाली.

"तीन कशाला?" तेरियोने दारातून विचारलं.

"मी, तू, आणि आमादोर."

चोलेंगने आमादोरचा निळा शर्ट घडी घालून सगळ्यांत वर ठेवला. "हे बघ तेरियो. मी त्याला सोडून जाणार नाही. माझं रक्त धुतलं काय नि न धुतलं काय. आजपर्यंत मी गप्प बसले, कारण म्हटलं, आपण इथेच आहोत, तोही इथेच आहे. आता आपण गेलो तर तो कुणाजवळ राहणार?"

"सांतो आहे."

"सांतो त्याचा बाप आहे?"

"चोलेंग..."

"रोज भेटतोस तू त्याला. मासे देतोस, मला काय ठाऊक नाही? गावातल्या मांजरालासुद्धा ठाऊक आहे. रोज एकटा जाऊन भेटून येतोस. मी त्याची आई आहे की नाही?"

तेरियो उंबऱ्यावर खाली बसला. हॅट काढून हातात घेतली, परत घातली.

"तूच मार हाक," तो म्हणाला. "तुझं ऐकेल."

"मी नव्हते तिथे. ज्याने सोडला त्यानेच बोलवायचा असतो. मला रीत शिकवू नकोस."

तेरियोची शेवटची सहल ठरली त्या दिवशी चोलेंग म्हणाली, मी येणार. मलाही तिने ओढलं. "चला बाई. मी बुडाले तर शुद्ध भाषेत ओरडायला कुणीतरी हवं." तिला सांतोने उचलून होडीत घेतलं.

"नीट धर रे. मी तांदळाचं पोतं नाही."

"पोतं असतीस तर बरं होतं, नानाय. पोतं बोलत नाही."

पाहुणे थोडेच होते. मनिलाचं एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि डच म्हातारा-म्हातारी. चोलेंग मधल्या बाकावर उशी घेऊन बसली. बेटं जवळ येऊ लागली तशी ती बघत राहिली. ह्या बेटांच्या जिवावर तिचा सगळा संसार झाला, पण सहलीला ती कधी आली नव्हती. "एवढं छान आहे होय," असं एकदा म्हणाली, जरा रागानेच.

तळ्यापाशी नांगर टाकला. पाहुणे आत जाऊन आले, जेवले. तेरियोने रोजच्यासारखा मासा पानावर घेतला आणि पाण्यात उतरला. खडकावर ठेवला, वळला.

"कलामान्सी पिळलंस का त्यावर?" चोलेंगने होडीतून विचारलं.

तेरियो थांबला. "नाही."

"इतकी वर्षं नुसताच देतोस? त्याला लिंबाशिवाय मासा जातो का?"

तेरियो परत आला. सांतोने कलामान्सी त्याच्या हातात दिलं. तो पुन्हा चालत गेला, खडकावरच्या माशावर ते पिळलं, बोटं पाण्यात धुतली आणि आला.

मग तो नाळेवर उभा राहिला. डच म्हातारा, म्हातारी, मनिलाचा नवरा, मनिलाची बायको. सगळे "आलो", "आले" म्हणाले. "फेलिसितास, चल, घरी जाऊ." आले म्हटलं. "कोन्सोलासियोन, चल, घरी जाऊ." चोलेंगचं पूर्ण नाव त्याच्या तोंडून मी त्यांच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं असेल. ती आले म्हणाली.

तेरियोने हॅट नीट केली. आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डच म्हातारा, म्हातारी. नवं जोडपं हसलं, त्यांनी पुन्हा आलो म्हटलं. पुन्हा चोलेंगपाशी येऊन तो थांबला. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा कुणी हसलं नाही. मनिलाच्या मुलीने नवऱ्याचा हात धरला. ती आपल्याकडचीच, तिला कळलं असावं.

"सगळे आलेत, तेरियो," चोलेंग म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "एकच राहिलाय."

तेरियोने हॅट काढली. खडकाकडे बघून, झोपलेल्या मुलाला उठवावं तसं हळूच म्हणाला, "आमादोर."

"असं ऐकू येणार आहे का त्याला? त्या कानाने?"

तेरियोने श्वास घेतला. एवढ्या लहान माणसात एवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं. "आमादोर! चल बाळा, घरी जाऊ! आई आलीय न्यायला!" कड्याने ते सगळं परत दिलं, एकदा, आणि मग अर्धंमुर्धं आणखी एकदा. भोकातून पाणी आत जात होतं, बाहेर येत होतं. आणखी काही झालं नाही. आम्ही सगळे बसून होतो. मग चोलेंगने उशी उचलली, बाकावर जरा सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.

सांतो पुटपुटला, "सांतो, चल, घरी जाऊ," आणि इंजिन सुरू केलं.

तेरियोने होडीला हाक मारली नाही. तो तसाच उभा होता, तोंड कड्याकडे. माझ्या हे लक्षात आलं ते पुष्कळ नंतर. कड्याचं टोक दिसेनासं होईपर्यंत तो वळला नाही. वळला तेव्हाही आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. चोलेंग मात्र शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून बसली होती, वारा लागू नये म्हणून आपला टॉवेल तिने तिथे पसरला होता.

निघायच्या दिवशी व्हॅन दाराशी आली. ड्रायव्हर म्हणाला, "तिसरं माणूस कुठेय, नानाय?"

"बसलंय," चोलेंग म्हणाली. "तू सामान चढव."

निळा शर्ट मधल्या सीटवर ठेवलेला होता. ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलं, चोलेंगकडे बघितलं, आणि पेटी त्या सीटवर ठेवायची होती ती पायाशी ठेवली. चोलेंगने घराला कुलूप लावलं. दाराकडे तोंड करून हाका मारल्या. स्वतःला मारली. आमादोरला मारली, त्याच्या सवयीप्रमाणे दोनदा. मग म्हणाली, "एलेउतेरियो, चल, घरी जाऊ."

तो व्हॅनच्या खिडकीतून समुद्राकडे बघत होता.

"तेरियो! उत्तर दे की रे माणसा."

"बसलोय ना गाडीत," तो म्हणाला.

"तसं नाही. आलो म्हण."

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मागे दुसरी गाडी खोळंबली होती. चोलेंगला मी आणि शेजारणीने धरून आत बसवलं. सगळे रडत होते, त्यात ते राहूनच गेलं.

इलोइलोहून तिचा फोन आला तेव्हा आवाज चांगला होता. "आमादोर रमला हो इथे. मला झोप लागते, बाई. त्या तळ्यात तो थंडीत आहे असं वाटून झोप यायची नाही, ती आता लागते." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण तेरियो नाही आला."

"म्हणजे? आहे ना तिथे?"

"आहे. खिडकीशी बसतो. खाली नुसता रस्ता आहे, गाड्या जातात, त्याकडे बघतो. हाक मारली की दुसऱ्या कुणाला तरी मारल्यासारखा चेहरा करतो. नेनिताने डॉक्टर बोलावला. डॉक्टर म्हणाला, वय झालं." ती हसली. "वय माझंपण झालं. मी बोलते की नाही? बाई, त्याला हाक मारायची राहिली. मुलाच्या नादात त्याने होडीला हाक मारलीच नाही, आठवतंय का तुम्हाला?"

आठवलं.

"तुम्ही जा तिथे. मला तर आता येववत नाही. तुम्ही हाक मारा त्याला. तुमचं ऐकतो तो."

मी सांतोला विचारलं, तो लगेच तयार झाला. पाहुणे घेऊन गेलो. सांतोला हाका मारायला अजून लाज वाटते, तो नावं भराभर उरकतो. जेवणं झाली. मग त्याने पहिला मासा पानावर घेतला, त्यावर कलामान्सी पिळलं आणि कमरेएवढ्या पाण्यातून खडकाकडे गेला. परत आल्यावर मी म्हटलं, "आता कुणासाठी रे? आमादोर तर गेला."

"ताताय तेरियोसाठी," सांतो म्हणाला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, टोपातली भाताची खरवड काढत राहिला. "रोज इथेच जेवायचे ना ते."

मी नाळेवर जाऊन उभी राहिले. सांतोने मागून माझा दंड धरला होता. इतकी वर्षं मुलांच्या कलकलाटावर हजेरी घेताना चढवायचे, तोच आवाज चढवला. "एलेउतेरियो, चल. घरी जाऊ. चोलेंग वाट बघते." कड्याने माझा आवाज मला परत दिला. मी पुन्हा हाक मारली. पाहुणे शांत बसून बघत होते, त्यातल्या एकीने सांतोला विचारलं की कुणी आत राहिलंय का. सांतोने मान हलवली, होय की नाही ते मला कळलं नाही.

घरी आल्यावर चोलेंगला फोन लावला.

"मारलीत?"

"मारली. दोनदा."

"अस्सं." मागे कुठेतरी ताटांचा आवाज येत होता. "मी म्हटलं आज फरक पडेल. त्याच्या आवडीचा मासा केला होता, भाजून, तिथल्यासारखा. समोर ठेवला. त्याने बाजूला सारला."

"का?"

"पोट भरलंय म्हणाला."

मी तिला सांतोच्या माशाचं काही सांगितलं नाही.